माथेरानचे नॉमिनी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "काका, दहा मिनिटं बोला, पण थकबाकी आणि पार्किंग हे विषय सोडून." बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने हिशेब सोडून बोलायचं तरी काय? शेवटी विषय घेतला सुट्टीचा. दर मे महिन्यात आपल्या जिन्यांमध्ये शुकशुकाट होतो. कुणी कोकणात जातं, कुणी देशावर, कुणी थेट मनालीला. आमचं घर मात्र आजवर चार पिढ्या एकाच ठिकाणी जात आलंय. ते ठिकाण म्हणजे माथेरान.

मी पहिल्यांदा गेलो 1957 साली, सात वर्षांचा असताना. वडील साधे कारकून. वर्षभर पैसे बाजूला टाकायचे आणि मे महिन्यात आठ दिवस एक खोली भाड्याने घ्यायचे. होल्डॉल, फिरकीचा तांब्या, आईने केलेल्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या असा सगळा लवाजमा घेऊन दादरहून नेरळ गाठायचं आणि तिथे छोट्या गाडीत बसायचं. तेव्हा वाफेचं इंजिन होतं. डोळ्यांत कोळशाचे कण जायचे, तरी खिडकी सोडवत नसे.

वडिलांना माहिती सांगण्याची भारी हौस. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये हा डोंगर चढून आले, आदमजी पीरभॉय कुटुंबाने ही रेल्वे बांधली आणि ती 1907 मध्ये सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट आणि लांबी सुमारे 21 किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती.

पुढे मी बँकेत लागलो, लग्न झालं, मुलं झाली. बँकेत एलएफसी मिळायची, म्हणजे रजेचं प्रवासभाडं. सहकारी त्यावर काश्मीर, कन्याकुमारी करून यायचे. मीही दोन-तीनदा लांबचे प्रवास केले, पण मे महिन्यातले निदान चार दिवस माथेरानचे ठरलेले. ब्रँचमध्ये चेष्टा व्हायची, "साहेब, तिकडे काय प्लॉट घेतलाय का?" प्लॉट नव्हता, पण मला मुलांना काही दाखवायचं होतं. जिथे मोटार येत नाही, दस्तुरीलाच थांबते, जिथे रस्त्यावर पोरांचा हात धरावा लागत नाही, असं गाव त्यांनी पाहावं असं वाटे. मुंबईच्या पोराला एवढी मोकळीक दुसरीकडे कुठे मिळणार?

आता गंमत सांगतो. आपल्याला जे आवडलं तेच मुलांना आवडेल असं काही नसतं. मला गाडीचं वेड, तर माझा मुलगा गाडीत दहाव्या वळणाला झोपायचा. त्याचा जीव घोड्यांवर. लगाम धरून चालणाऱ्या घोडेवाल्याशी त्याच्या तासन् तास गप्पा चालत. मुलीला ना गाडी, ना घोडा. तिला तांबड्या मातीत बसून बिया गोळा करायला आवडे. परत येताना सगळ्यांचे मोजे तांबडे आणि तिच्या फ्रॉकचे खिसे जड. आमची ही म्हणायची, "तुमचं माथेरान तुम्ही बघा, त्यांचं ते बघतील."

26 जुलै 2005 च्या पावसाने रेल्वेमार्ग जागोजागी वाहून गेला. 2007 मध्ये गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही दस्तुरीपर्यंत मोटारीने आणि पुढे पायी गेलो. गाडी नाही म्हणून जायचं नाही, असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

काही वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. त्या मे महिन्यात मी माथेरानचं नावच काढलं नाही. एकट्याने जाऊन करायचं काय? मग दिवाळीनंतर मुलीचा फोन आला. "बाबा, बुकिंग केलंय. या वेळी नाताळात जायचं. दादाच्या मुलांना तेव्हाच सुट्टी असते." मुलगा न्यूजर्सीला असतो. मी म्हटलं, "अगं, आपण मे महिन्यात जातो." ती म्हणाली, "आता नाताळात जाऊ." विषय संपला.

सगळे गेलो. एको पॉइंटवर न्यूजर्सीच्या नातवाने इंग्रजीत हाक मारली, उत्तरही इंग्रजीत आलं. त्याला त्याचं फार हसू आलं. मग त्याने माझ्याकडून मराठी हाक शिकून घेतली आणि डोंगराला पुन्हा ओरडून विचारलं, "आजोबा, जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मला शार्लोट लेकपाशी, पिसरनाथाच्या देवळाच्या बाजूला घेऊन गेली. तिथल्या एका झाडाखाली तिने लेकीला बसवलं आणि म्हणाली, "ही आजीची आणि माझी जागा." मी आणि मुलगा पहाटे पॉइंट पाहायला जायचो, तेव्हा या दोघी तिथे बसून चहा प्यायच्या, गप्पा मारायच्या. इतकी वर्षं तिथे जात होतो, पण ही जागा मला ठाऊक नव्हती. माझ्या पत्नीचं एक माथेरान होतं आणि ते तिने लेकीकडे देऊन ठेवलं होतं. मी बराच वेळ तिथे बसलो. नातीने माझ्या हातात दोन बिया ठेवल्या.

मंडळी, आपल्या सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म सगळ्यांनी भरलाय. नसेल भरला तर उद्या भरा! पण बँकेत मी लोकांना नेहमी सांगायचो की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो फक्त सांभाळतो आणि खऱ्या वारसांच्या हाती देतो. माथेरानच्या बाबतीत वडिलांचा मी नॉमिनी होतो. वारसांनी त्यातलं काय घ्यायचं, नाताळात जायचं की मे महिन्यात, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. मला त्यात समाधान आहे.

तुमचंही असं एखादं ठिकाण असेल. आजोळचं घर असेल, नदीकाठचं देऊळ असेल, एखादा समुद्रकिनारा असेल. मुलं कंटाळतील, मोबाइलला रेंज नाही म्हणतील. तरी एकदा नव्हे, चार-पाचदा न्या. आणि आपलं हे कंपाउंड विसरू नका. इथे क्रिकेट खेळलेली मुलं आज परगावाहून समारंभाला आली आहेत आणि आपल्या पोरांना दाखवताहेत, "या खिडकीची काच मी फोडली होती." काच कुणाची होती ते मी सांगत नाही, नुकसानभरपाईची मुदत संपली!

समितीने दिलेली दहा मिनिटंही संपली. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.