टिमकी कुणाची?



मघाशी बक्षीस घ्यायला आलेल्या एका मुलीला मी विचारलं, "कशाचं गं?" ती म्हणाली, "काही नाही सर, असंच." धावण्यात ती पहिली आलीय, हे मला हातातल्या कागदावर वाचावं लागलं.

स्वतःचं कौतुक स्वतःच करण्याला इंग्रजीत म्हणतात, 'ब्लो युअर ओन ट्रम्पेट'. म्हणजे आपली तुतारी आपणच फुंकणं. अमेरिकेत तिथं 'हॉर्न' येतो, आपल्याकडे टिमकी. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलंय की दान करताना पुढे तुतारी वाजवू नका. आपल्या जांबच्या समर्थ रामदासांनी तर दासबोधात आत्मस्तुती करणाऱ्याला थेट मूर्खांत बसवलं. इंग्रज माणूस आपलं काम सांगतानाही आधी म्हणतो, "मला माझी टिमकी वाजवायची नाही, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं बोलायला आपली मुलं कचरतात. मुलाखतीतही खाली मान घालून बसतात. बाळांनो, केलेलं काम आकड्यासकट सांगणं ही बढाई नव्हे. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 11.20 सेकंदांत धावला. रौप्य मिळालं, सुवर्ण 0.05 सेकंदानं हुकलं. यात फुगवलेलं काय आहे? न केलेलं सांगणं, दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवणं, ती टिमकी.

आणखी एक सांगायचंय. इथं तेलगावात साखर कारखान्याचा भोंगा वाजतो, तो साऱ्या शिवाराला ऐकू जातो. ज्यांच्या कोयत्यावर असे कारखाने चालतात, त्यांच्या नावानं काही वाजत नाही. आज या मंडपात कितीतरी मुलांचे आईवडील नाहीत. दिवाळीच्या सुमाराला गेलेत, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कुणाच्या तरी उसाच्या फडात. नवराबायको मिळून तिथं 'एक कोयता' मोजला जातो. आई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, आणि तिच्या कष्टाला वेगळा आकडासुद्धा नाही. ती स्वतः कधीच सांगणार नाही. तिची तुतारी तुम्हीच फुंकायची.

आई गावी परतली की विचारा, दिवसाला किती मोळ्या बांधल्या, पहाटे कितीला उठलीस. वहीत लिहून ठेवा. पुढच्या संमेलनात याच माईकवर येऊन, तिचं नाव घेऊन, मोठ्यानं वाचा.