मुरमाच्या वाटेसाठी जुनी मोटारसायकल



खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार बैल घ्यायला गेलेला शेतकरी शिंगांना लावलेला रंग पाहून पैसे मोजीत नाही. तो जबडा उघडून दात पाहतो, खूर पाहतो, बैल चार पावले चालवून पाहतो, आणि मग हळूच विचारतो, "कुठल्या रानात राबलाय?" जुनी मोटारसायकल घेणारा आपला तरुण पुष्कळदा एवढेही करीत नाही. टाकीची चकाकी पाहतो, मीटरवरचा आकडा वाचतो आणि इसार देऊन मोकळा होतो.

गेल्या दहा वर्षांत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत उंच बांध्याच्या, पुढे मोठे चाक आणि लांब शॉकअप असलेल्या मोटारसायकली दिसू लागल्या आहेत. कंपन्या त्यांना 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणतात. रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ साली आली, हिरोची २०० सीसीची एक्सपल्स २०१९ साली, केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२० साली आणि सुझुकीची अडीचशे सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ साली. पहिल्या धन्याची हौस फिटली की या गाड्या जुन्या बाजारात येतात. रविवारी कासच्या पठाराकडे फिरायला जाणाऱ्याला अशी गाडी म्हणजे हौस आहे. पण जत तालुक्यातील वाडीवर शिकवायला जाणाऱ्या गुरुजींना, माणच्या माळावर दूध गोळा करणाऱ्याला, पाटणच्या डोंगरात लस घेऊन जाणाऱ्या आरोग्यसेविकेला ती रोजची गरज आहे. माझे बोलणे मुख्यतः या दुसऱ्या मंडळींसाठी आहे.

माझा एक जुना विद्यार्थी जत तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. शाळा दोन शिक्षकांची, वाटेचे शेवटचे सहा किलोमीटर मुरमाचे. २०२२ च्या जुलैत त्याने साठवलेल्या पैशांतून सांगलीत अशी एक जुनी गाडी घेतली. गाडी २०१८ सालची, रंग झकास, मीटरवर अवघे अकरा हजार किलोमीटर. दोन महिने बरी चालली. परतीच्या पहिल्याच पावसात भर माळावर बंद पडली, ती काही केल्या सुरू होईना. ढकलीत ढकलीत तो शाळेवर पोचला तेव्हा दुपार झाली होती. दुसरे गुरुजी रजेवर होते, आणि मुले दाराला कुलूप पाहून घरी गेली होती. पुढे मिस्त्रीने हेडलाइट खोलला, तर आत करडा गाळ. २०१९ च्या महापुरात ती गाडी बुडून निघाली होती! जतच्या माणसाला हे सुचावे तरी कसे? त्याच्या गावात पाणी येते ते टँकरने.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे: गाडी पाहण्याआधी आपला रस्ता मोजा, आणि गाडी पाहताना तिने तुडवलेला रस्ता वाचा.

आधी आपला रस्ता. आठवडाभर एका वहीत लिहून काढा. डांबरी किती, मुरमाचा किती, चिखलाचा किती. मागे कोण बसते, ओझे किती असते. चाळीस किलोमीटर डांबरी आणि एकच किलोमीटर पाणंद असेल, तर चांगल्या टायरची साधी सव्वाशे सीसीची गाडी पुरते. आपल्या वडिलांच्या पिढीने राजदूतला दुधाच्या किटल्या बांधून याच पाणंदी तुडवल्या आहेत. तेव्हा जाहिरातीतला बर्फाचा डोंगर पाहून खर्चात पडू नका.

मुरूम रोजचाच असेल, तर माती कोणती ते पाहा. माण, खटाव, आटपाडी, जत इकडे सुटा मुरूम आणि दगडगोटे. तिथे एकवीस इंची पुढचे चाक खड्ड्यात न अडकता दगडावरून सहज जाते. हिमालयन आणि एक्सपल्स या दोन्हींना ते आहे. पलूस, वाळवा, मिरज या कृष्णाकाठच्या काळ्या रानात प्रकार वेगळा. ओली काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते आणि चाक फिरेनासे होते. तिथे त्या दोहोंत मूठ जाईल एवढी जागा हवी. पाटण, जावळी, शिराळा या पावसाच्या मुलखात घाट आणि निसरडी तांबडी माती. तिथे टायर आणि ब्रेक यांना आधी मान.

आता वजन. ४११ ची हिमालयन पेट्रोल भरून दोनशे किलोच्या आसपास भरते. एक्सपल्स एकशे पंचावन्न-साठच्या आसपास. डांबरी रस्त्यावर मागे माणूस बसवून लांब जायचे तर जड गाडी स्थिर वाटते. पण मुरमावर गाडी आज ना उद्या आडवी होतेच. निर्जन माळावर ती एकट्याने उचलता येईल का? व्यवहार ठरवण्यापूर्वी जाणत्या माणसाच्या मदतीने गाडी मऊ जागी अलगद आडवी करून उचलून पाहा. उचलली नाही, तर ती गाडी आपली नव्हे.

उंचीचा हिशेब मात्र उलटा आहे. जड हिमालयनची बैठक ८०० मिलिमीटर, हलक्या एक्सपल्सची त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर उंच, आणि केटीएमची तर ८५५. बुटक्या माणसाने, आणि शिक्षिका भगिनींनी तर नक्कीच, रोजच्या पोशाखात आणि रोजच्या चपलेत बसून पाहावे. पाय टेकतात का, हे दुकानाच्या फरशीवर पाहू नका. उतरत्या जमिनीवर पाहा.

पेट्रोलचेही गणित मांडू. रोज साठ किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पंधराशे किलोमीटर. लिटरला तीस देणाऱ्या गाडीला पन्नास लिटर लागतील, चाळीस देणारीला साडेसदतीस. फरक साडेबारा लिटरचा. शंभर रुपये लिटर धरला, तरी वर्षाला पंधरा हजार रुपये होतात. एवढ्यात टायरची जोडी आणि चेनसेट येऊन वर काही उरते.

आता गाडीने तुडवलेला रस्ता. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. कित्येक घरांपुढच्या गाड्या त्या पाण्यात होत्या. धुऊन पुसून त्या पुन्हा चकचकीत होतात. पण पाणी वायरिंगच्या कपलरमध्ये, बेअरिंगमध्ये आणि हँडलच्या पोकळ नळीत शिरलेले असते, आणि ते वर्ष-दोन वर्षांनी आपले काम करते. म्हणून सीट काढून खालची वायरिंग पाहा. कपलर सोडवून त्यातल्या पिनांना हिरवट बुरशी किंवा गंज आहे का, ते पाहा. बाजूच्या झाकणामागे, हेडलाइटच्या कडेला गाळाची पूड आहे का? मीटरच्या काचेआड धुके धरते का? २०२१ पूर्वीची आणि कृष्णा-वारणाकाठची गाडी असेल, तर मालकाला सरळ विचारा, "पुराच्या वेळी गाडी कुठे होती?" विम्याचा जुना दावा झाला असेल, तर त्याचे कागदही मागा.

पुढची तपासणी सकाळी करावी. मालकाला आधीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजीन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागते का आणि धूर कसला येतो, हे त्याशिवाय कळत नाही. मग पुढचे शॉकअप दाबून पाहा. दांड्यांवर तेलाचा ओघळ असेल तर ऑईल सील गेले. गाडी मधल्या स्टँडवर किंवा ठोकळ्यावर घेऊन पुढचे चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखे अडले, तर कोनसेट खलास. चाक फिरवून रिम डुगडुगते का ते पाहा, आणि प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारा. घट्ट तार खणखणते, ढिली बद्द वाजते. इंजिनाखालच्या पत्र्यावरचे पोचे, फूटरेस्टची टोके, ब्रेकच्या दांडीचे टोक, यांवर पडझडीचा सगळा इतिहास लिहिलेला असतो. ओरखडे असले म्हणून बिघडत नाही. पण नवा रंग आणि वाकडी चासी एकत्र दिसली, तर निघून या.

टायरवर चार आकडे असतात. ३४२१ म्हणजे २०२१ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी जुने रबर टणक होते, आणि मुरमावर टणक टायर घसरतो. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरील दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. घाटात ते जीव वाचवते. पण सुट्या खडीच्या उतारावर मागच्या चाकाचे एबीएस चाक धरू देत नाही आणि गाडी पुढे जात राहते. म्हणून मागचे एबीएस बंद करता येते का, हे विचारून घ्या, आणि डांबरीवर आल्यावर ते पुन्हा सुरू करायला विसरू नका.

आपल्या साखर कारखान्यांचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. वीस टक्के मिश्रणाला टिकतील असे भाग १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत घालणे बंधनकारक झाले. त्याआधीच्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या चिरल्या आहेत का, टाकीत गंज आहे का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

शेवटी कागद. आर.सी.वरचा चासी नंबर आणि इंजीन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. गाडी कर्जाची असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्या. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. 'केए' नंबरची गाडी स्वस्त मिळाली म्हणून सीमेपलीकडून आणणाऱ्यांनी तिकडच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणि आपल्याकडचा कर हा खर्च आधीच धरावा. आणि विकणाऱ्यांनीही ऐकावे. नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे. "करू पुढच्या महिन्यात" हे वाक्य दोघांनाही महागात पडते.

एवढी तपासणी करायला एक सकाळ लागते. सोबत गावातला मिस्त्री न्यावा, त्याची मजुरी आनंदाने द्यावी. आणि गाडीच्या किमतीतून आयएसआय छापाची दोन हेल्मेटे बाजूला काढावीत, एक आपले, एक मागे बसणाऱ्याचे. दहा हजारांनी महाग पण इतिहास स्वच्छ असलेली गाडी मिळाली, तर ती स्वस्तच समजा. वाडीवरच्या शाळेचे दार वेळेवर उघडते की नाही, हे पुष्कळदा त्या गाडीवर अवलंबून असते. दारात उभ्या असलेल्या मुलांना तिचा रंग दिसत नाही. लांबून तिचा आवाज ऐकू आला, की त्यांना पुरे असते.