गाळ नव्हे, ही आपलीच माती

आखाजी जवळ आली. लेकी माहेरी येतील, झोके बांधले जातील. आणखी एकीला आपल्याला घरी आणायचंय. ती म्हणजे आपल्या शेतातली माती.

पावसाळ्यात साक्रीच्या डोंगरउतारावरची माती नाल्यांतून कान नि पांझरा नदीत जाते. मालनगाव, लाटीपाडा धरणांत, गावोगावच्या पाझर तलावांत ती तळाशी बसते. तिकडे पाण्याची जागा कमी होते, इकडे शेतात मुरूम उघडा पडतो.

राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 साली सुरू झाली. 2023 च्या निर्णयानुसार पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला गाळ नेऊन पसरायला घनमीटरला 35 रुपये 75 पैसे अनुदान ठरलं. म्हणजे ब्रासमागे सुमारे 101 रुपये. एकरी 15,000 आणि अडीच एकरांपर्यंत 37,500 रुपये ही मर्यादा. विधवा शेतकरी बहिणीची जमीन जास्त असली, तरी तिला ते मिळतं. यंदाचा दर ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

पण आधी सातबारा बघा. आमच्या गटातल्या एका ताईंचं शेत मयत नवऱ्याच्याच नावावर होतं. गाळ शेतात पडला, पण यादीत त्यांचं नाव नव्हतं. ट्रॅक्टरचं भाडं त्यांनी गटातून कर्ज काढून भरलं. म्हणून वारस नोंद आधी, गाळ नंतर.

आता गाळ कुठे टाकायचा? हलक्या, मुरमाड रानात. आधीच भारी काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन असेल तर नको. आधी माती परीक्षण करा. एकराला 400 घनमीटर गाळ म्हणजे सगळीकडे चार इंचांचा थर. ढीग तसेच ठेवू नका. पसरा, नांगरून मिसळा, बांध नीट करा. नाहीतर पहिल्याच पावसात माती पुन्हा तलावात. शेणखत बंद करू नका, गाळ त्याची जागा घेत नाही. आणि गाळाच्या नावाखाली कोणी वाळू नेत असेल, तर ग्रामसभेत बोला.

ट्रॉल्या किती आल्या, ते स्वतःच्या वहीत रोज लिहा. हिशोब आपल्या हातात असला, की कोणी कमी मोजत नाही.

मृगाला फार दिवस नाहीत. या आठवड्याच्या बैठकीत एकच काम करा: प्रत्येकीने आपला सातबारा आणायचा आणि मोठ्याने वाचायचा.