स्वस्त भाडं आणि रास्त भाडं



राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हटला की तो निवडणूक आणि पक्ष यावरच बोलणार, असं सगळ्यांना वाटतं. मी बोलणार आहे जिन्यातल्या दिव्याच्या बिलावर. एखाद्या नगरपालिकेच्या मालकीची हजारो घरं असतील, तर त्यांचा खर्च कुणी आणि कसा भरायचा? उदाहरण इंग्लंडचं घेतो. तिथल्या नगरपालिका, म्हणजे कौन्सिल, १९१९ च्या कायद्यापासून कष्टकऱ्यांसाठी मोठ्या प्रमाणावर घरं बांधत आल्या, आणि भाड्यावरून भांडणंही तितकीच जुनी आहेत.

पहिली गोष्ट हिशेबाची. १९९० पासून तिथं घरांचं खातं कौन्सिलच्या बाकीच्या तिजोरीपासून कायद्यानं वेगळं आहे. भाडं या खात्यात जमा होतं. दुरुस्ती, व्यवस्थापन आणि कर्जाचं व्याज यातूनच जातं. भाडेकरूच्या पैशानं रस्ते करायचे नाहीत आणि शहराच्या करातून भाडं स्वस्त करायचं नाही. तुटीचं अंदाजपत्रकही मांडता येत नाही. ऐकायला रुक्ष वाटतं, पण माझ्या मते न्याय इथंच सुरू होतो. पैसा कुठून आला नि कुठं गेला हे दिसलं, तरच भांडता येतं की!

आता गुंता बघा. १९८० च्या कायद्यानं भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. फ्लॅट असेल तर तो दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर मिळतो; छप्पर, जिना, लिफ्ट कौन्सिलचीच राहते. त्यामुळे एकाच मजल्यावर एक भाडेकरू आणि शेजारी एक पट्टेदार. छप्पर बदललं की भाडेकरूचा वाटा भाड्यातूनच निघतो, पट्टेदाराला मात्र वेगळं बिल येतं, आणि ते हजारो पौंडांचं असू शकतं.

म्हणून पट्टेदाराला कायद्याचं संरक्षण आहे. खर्च वाजवी हवा आणि काम नीट झालेलं हवं. मोठ्या कामात एका घराच्या वाट्याला २५० पौंडांपेक्षा जास्त येणार असतील, तर आधी नोटीस, मग अंदाजपत्रकं, आणि दोन्ही वेळा म्हणणं मांडायला ३० दिवस. हे टाळलं तर, न्यायाधिकरणानं सूट दिल्याखेरीज, २५० च्या वर वसूल करता येत नाही. झालेल्या खर्चाची मागणी किंवा लेखी सूचना १८ महिन्यांत आली नाही, तर तो पैसाही गेला. पण लक्षात घ्या, हे मतदान नाही. म्हणणं ऐकून घ्यायचं बंधन आहे, मान्य करायचं नाही.

मग भाडं कमी ठेवलं की झालं, असं वाटेल. २०१२ मध्ये कौन्सिलांनी केंद्राकडून मोठं कर्ज अंगावर घेतलं, आणि बदल्यात भाड्याचं उत्पन्न त्यांच्याकडेच राहील असं ठरलं. तीस वर्षांचे आराखडे भाडं महागाईपेक्षा थोडं जास्त वाढेल या हिशेबावर मांडलेले. चारच वर्षांनी, २०१६ पासून, सरकारनं सलग चार वर्षं दर वर्षी १ टक्का भाडं कमी करायला लावलं. अनेक भाडेकरूंचं भाडं सरकारी मदतीतूनच जात असल्यानं मोठी बचत सरकारची झाली, आणि दुरुस्तीचा पैसा आटला. पुढे महागाई भडकली तेव्हा सूत्राप्रमाणे ११.१ टक्के वाढ बसत होती. २०२३ ला ती ७ टक्क्यांवर थांबवली. माणसाच्या खिशाकडे बघितलं तर ते बरोबरच होतं. पण गळकं छप्पर टक्केवारी बघून थांबत नाही. आजचा भाडेकरू वाचतो आणि दहा वर्षांनी येणारा ओल आलेल्या भिंतीत राहतो.

खर्च वाचवण्याचं टोक लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला दिसलं. नूतनीकरणात बाहेरून जस्ताचे पत्रे लावायचं ठरलं होतं. जवळपास तीन लाख पौंड वाचतात म्हणून दुसरे लावले, ज्यांच्या आत पेट घेणारं प्लास्टिक होतं. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. इमारत सुरक्षित नाही, असं रहिवासी आधीपासून ओरडत होते.

आपल्याकडे कौन्सिलची घरं नाहीत, पण टिळकवाडीत जुन्या घरांच्या जागी अपार्टमेंट उभी राहतायत आणि मेंटेनन्सवरून तोंडं फिरतायत. तळमजल्यावरच्यानं लिफ्टचे पैसे का द्यायचे, हा वाद तिथंही आहे आणि इथंही. माझं मत सांगतो: लिफ्टची वीज वापरणाऱ्यांत वाटा, पण लिफ्ट बदलायचा खर्च सगळ्यांत. लिफ्टमुळे इमारतीची किंमत वाढते, ती तळमजल्याचीही. मागच्या रांगेतल्या काहींना हे पटलेलं दिसत नाही. तुमच्यातल्या तळमजलेवाल्यांनी आधी बोलावं, मग मी उत्तर देतो.