तिथं कोण वळखंल?

(जळकोट, ता. तुळजापूर इथं वस्तीतल्या समाजमंदिरापुढं झालेल्या निरोपाच्या सभेत केलेलं भाषण. बोलताना सांडलेलं थोडं भरून काढलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



मला भाषण येत नाही. मी कविता करतो आणि मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. शिक्षण दहावी, म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या भाषेत मॅट्रिक. आज इथं खरं तर विमानात बसून आलेला एखादा प्राध्यापक पाहिजे होता. तो आला नाही, मी रात्रीच्या गाडीनं आलो, म्हणून माईक माझ्या हातात आहे. चालवून घ्या.

आपल्या वस्तीतली एक पोरगी पुढच्या महिन्यात लंडनला शिकायला चाललीय. जळकोट म्हटलं की लोकांना लातूर जिल्ह्यातला तालुका आठवतो. आपलं जळकोट नळदुर्गच्या शेजारचं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. आपल्या रस्त्यानं दिवसरात्र ट्रक पळतात, थांबत कोणी नाही. त्या गावच्या ऊसतोड बाईची लेक राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती घेऊन परदेशी निघालीय. आज सकाळी तिची आजी मला म्हणाली, "बाबा, तू बोटीवर काम करतूस. तिकडचं गाव कसं असतंय रं? लेकराला तिथं कोन वळखंल?"

मी गप्प बसलो. मी बोटी भरतो, रिकाम्या करतो, पण बोटीत बसून कुठं गेलो नाही. दुपारभर तो एकच सवाल डोक्यात घुमत होता. तिथं कोण वळखंल? त्याचं उत्तर द्यायला मी उभा आहे. उत्तर माझ्या पदरचं नाही, बाबासाहेबांच्या आयुष्यातलं आहे. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात जी पुस्तकं मिळतात, ती वाचून जे कळलं ते सांगतो.

१९१३ साल. बाबासाहेबांचं वय बावीस. फेब्रुवारीत वडील, सुभेदार रामजी वारले. चार महिन्यांनी, जूनमध्ये, बडोदा संस्थानाशी करार झाला : तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. घरी रमाई आणि सहा-सात महिन्यांचा यशवंत. मी ज्या इंदिरा डॉकमध्ये काम करतो तो सुरू झाला १९१४ साली. म्हणजे हा माणूस मुंबई सोडून गेला तेव्हा माझा धक्का अजून पुरा बांधूनही झाला नव्हता. तरी फाळक्यात उतरलो की मनात येतं, याच पाण्यावरून तो गेला. टोळीतल्या गड्यांना सांगितलं तर ते हसतात. हसू द्या.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोचले. आता नीट ऐका, कारण आपल्या पुस्तकांत पदव्यांची यादी असते, पहिल्या दिवसांचं कोणी फार सांगत नाही. पहिला आठवडा ते कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तिथं जेवण धड शिजवलेलं नसायचं, ताटात गोमांस यायचं. त्यांना ते रुचेना. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथं काही हिंदी विद्यार्थी राहत होते. तिथूनही पुढं लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी मित्राबरोबर राहायला लागले.

मित्रहो, यात काय मोठं? खोल्याच तर बदलल्या. कुठलाही पोरगा बदलतो.

मोठं हेच आहे! त्यांनी खोली बदलली ती जेवण आवडलं नाही म्हणून. कोणी हाकललं म्हणून नाही. ज्या पोरानं साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसून अक्षरं गिरवली, पाणी शिपायानं वरून ओतलं तरच प्याला, तो पोरगा आयुष्यात पहिल्यांदा "मला हे आवडत नाही" म्हणून जागा बदलतोय. आवड-नावड हीसुद्धा माणसाची चैन असते. आपल्या बापजाद्यांना ती कधी मिळाली? मिळेल ते खाल्लं, टाकतील तिथं राहिलो.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना कोणी ओळखत नव्हतं. वर्गात बसले तर शेजारचा उठून गेला नाही. टेबलावर जेवले तर टेबल धुतलं नाही. रस्त्यानं चालले तर सावली मोजली नाही. आजी, तुझ्या सवालाचं निम्मं उत्तर हे आहे. तिथं कोणी ओळखलं नाही, म्हणूनच तो माणूस मोकळा झाला.

मग त्या मोकळ्या माणसानं काय केलं? शहर तुडवलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून एकेक करत सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. साडेअकरा पौंडात! त्यातलेही पैसे वाचवून घरी पाठवायचे. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, जे दिसेल ते शिकले. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक मिळाले. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या वर्गात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात कशी जन्मली, कशी पसरली याची चिरफाड. तीन वर्षं जातीबाहेर श्वास घेतला म्हणून ती लांबून, सगळीच्या सगळी दिसली, असं मला वाटतं. आपण जातीच्या विहिरीत उभे असतो तेव्हा पाणी किती खोल आहे ते कळत नाही.

पण म्हणून न्यूयॉर्क स्वर्ग होता काय? नाही. कोलंबियाच्या शेजारीच हार्लेम. त्याच वर्षांत काळी माणसं तिथं वस्तीला येत होती, आणि गोऱ्या अमेरिकेत त्यांना काय वागणूक होती ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. जे शहर एका अस्पृश्याला खुर्ची देत होतं, तेच आपल्या काळ्या माणसांना मागं सारत होतं. पुढं १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे पुढारी डू बॉईस यांना पत्र लिहिलं, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डू बॉईस यांचं उत्तरही आलं. आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं तेही तिकडच्या काळ्यांकडूनच. तेव्हा ताई, चांगली वागणूक मिळाली म्हणून भाळू नकोस. हे शहर कोणाला बाहेर उभं करतंय, तेही बघ.

आता दुसऱ्या शहराची गोष्ट.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या जहाजात होतं ते जहाज पाणसुरुंगाच्या माऱ्यानं बुडालं. पुस्तकांची पेटी काय वजनाची असते ते मला विचारा, माझ्या पाठीला विचारा. ते सारं समुद्राच्या तळाशी. भरपाई मिळाली सहाशे रुपये. आणि करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले.

पुढचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पाच वर्षं युरोप-अमेरिकेत काढल्यावर आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती बडोद्याच्या स्टेशनावर परत आली. सवाल एकच : राहायचं कुठं? हिंदू खानावळ घेणार नाही. शेवटी पारशांच्या सराईत गेले. ती फक्त पारशांसाठी. मग वहीत पारशी नाव घातलं, दिवसाला दीड रुपया ठरला, आणि एम.ए. झालेला, लंडनमध्ये शिकून आलेला माणूस त्या अंधाऱ्या सराईत एकटा, चोरासारखा राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशांचा घोळका आला. तू कोण? बाबासाहेबांनी आठ तासांची मुदत मागून घेतली. एका हिंदू मित्राकडं आसरा मागितला, एका ख्रिस्ती मित्राकडं मागितला. दोघांनीही टाळलं. मग बडोद्याच्या बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

आता सांगा, परकं शहर कोणतं? न्यूयॉर्क की बडोदा?

हजारो मैलांवरच्या शहरात ते स्वतःच्या नावानं राहिले. आपल्या देशातल्या शहरात त्यांना दुसऱ्याचं नाव उसनं घ्यावं लागलं. तिथं कोणी ओळखत नव्हतं म्हणून ते माणूस होते. इथं ओळखलं आणि काठ्या आल्या. एक पारशी न्यूयॉर्कमध्ये जन्माचा दोस्त झाला आणि बडोद्यात डझनभर पारशी काठ्या घेऊन उभे राहिले. तेव्हा दोष कोणा एका धर्माच्या माणसाच्या रक्तात नाही, इथल्या हवेत आहे. ती हवा बदलायची आहे.

हे जुनं झालं असं कोणी म्हणू नका. मी दहावी झालो आणि मामाबरोबर मुंबईला गेलो. पहिले चार दिवस नुसता फिरलो. लोकलच्या दारात लटकलो, भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या पाट्या बघितल्या, मोठ्या इमारतींकडं बघून मान अवघडली. काय मजा! कोणी विचारीना, तू कुठल्या आळीचा. चौथ्या रात्री मी पहिली कविता लिहिली. मग काम लागलं आणि भाड्याची खोली बघायला निघालो. एका घरमालकानं खोली दाखवली, भाडं सांगितलं, चहा पाजला. मग विचारलं, "पूर्ण नाव काय?" सांगितलं. "कळवतो," म्हणाला. अजून कळवतोय. माझंही बडोदं झालं, दोस्तांनो. फक्त काठीऐवजी चहा होता.

आणि ताई, हे लंडनलाही असेल. गोरा माणूस तुझं आडनाव ऐकून गप्प बसेल, त्याला त्यातलं काही कळत नाही. कळेल ते आपल्या देशी माणसाला. तो गोड बोलत विचारेल, "तुम्ही मूळच्या कुठल्या? आडनाव काय? मग तुमच्यात मटण चालतं का?" जातीला पासपोर्ट लागत नाही, ती आपल्या लोकांच्या सामानातून जाते. उगाच नाही, अमेरिकेतल्या सिएटल शहराला २०२३ च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा करावा लागला! तिथल्या गोऱ्यांनी जात शोधली नव्हती, आमच्या शिकल्यासवरल्यांनी नेली.

म्हणून तुला चार गोष्टी सांगतो. पहिल्या आठवड्यात घाबरशील, रडशील. रड. जेवण रुचणार नाही. बाबासाहेबांनाही रुचलं नाही. पण खोलीत कोंडून घेऊ नकोस. पायी फीर. जिथं फुकट वाचायला मिळतं ती जागा आधी शोध. बाबासाहेब १९२० मध्ये साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांची उसनवारी घेऊन परत लंडनला गेले, तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसून राहायचे. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे, तिथं ते राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. तिथं जा. हात जोडून फोटो काढ, काढू नको म्हणत नाही. पण थोडा वेळ पायरीवर बस आणि त्या माणसाच्या पोटात त्या दिवशी किती होतं याचा विचार कर.

आणि नाव लपवू नकोस. त्यांना उसनं नाव घ्यावं लागलं, तुला लागू नये, एवढ्यासाठीच तर त्यांनी जन्म घालवला. १९४१ च्या फेब्रुवारीत, निजामाची राजवट असताना, ते आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. न्यूयॉर्क-लंडन बघितलेला माणूस तडवळ्याला आला, मित्रहो! ज्याला टेबलाशी खुर्ची मिळाली होती, तो खुर्ची सोडून आपल्या धुळीत आला. परदेशाचा उपयोग हा असतो. तिकडं माणूस म्हणून चार दिवस जगून बघायचं आणि मग त्या मापानं इकडचं सगळं मोजायचं.

आम्हाला साबण नको, सेंट नको. पत्र पाठव. मोबाईलवर दोन ओळी टाकून मोकळी होऊ नकोस, लांबलचक लिही. पहिल्या दिवशी कोणी जागा दिली, कोणी दिली नाही, रस्ता कोण झाडत होतं, तुला कोणी काय विचारलं, सगळं लिही. मी ते इथं येऊन वाचून दाखवीन. तुझ्या मागं शाळेत जी पोरं आहेत त्यांना ते पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कामाला येईल.

आजी, आता तुझं उत्तर. तिथं तिला कोणी वळखणार नाही. बरंच हाय. सुरुवात त्यानंच होऊ दे. मग ती आपलं नाव आपल्या तोंडानं, पुरं, मोठ्यानं सांगंल. आणि ती परत येईल तेव्हा सोलापूरला उतरो की तुळजापूरला, नाव ऐकून तिला कोणी "कळवतो" म्हणणार नाही, असं शहर करून ठेवायचं काम तिचं एकटीचं नाही. ते मागं राहिलेल्यांचं आहे. माझं आहे, तुमचं आहे.

जय भीम.