कुलूपबंद संदेशाची वाटचाल



फुलसावंगीसारख्या गावातून दाखल्याचा अर्ज संगणकावरून जातो, तो उघडा जात नाही. १९९९ साली मानक म्हणून प्रसिद्ध झालेली ‘टीएलएस’ ही सुरक्षा-प्रणाली मजकुराचे जास्तीत जास्त १६,३८४ बाइटांचे भाग पाडते, प्रत्येक भाग संकेतबद्ध करते आणि ‘सॉकेट’ या जोडणीच्या दाराशी सोपविते. सॉकेट केवळ बाइटांचा प्रवाह वाहून नेते. एकच भाग दोन-तीन हप्त्यांतही पोहोचतो. म्हणून पलीकडची प्रणाली भाग पूर्ण होईतो थांबते, अस्सलपणा पडताळते व मगच तो उलगडते. अखेरीस समाप्तीची खूण येते. ती न येताच जोडणी तुटली, तर संदेश पूर्ण मानता येत नाही. यास्तव पोच हाती येण्यापूर्वी अर्ज दाखल झाला, असे नागरिकांस कोणीही सांगू नये.