परळच्या घरातला कारखाना

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)

दादांनो, आत या, बसा. आजचं बोलणं तुमच्यासाठीही आहे.

मला आज एका दुकानदाराची आठवण सांगायची आहे. केशव विष्णू पेंढरकर. नाव ऐकून कुणाच्या डोळ्यापुढे काही येणार नाही. पण विको वज्रदंती म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्या जणी जाहिरातीचं गाणं म्हणायला लागतील. तर ती वज्रदंती ज्यांनी सुरू केली, ते हे पेंढरकर.

नागपूरला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. त्यात भागेना, म्हणून बायकामुलांना घेऊन मुंबईला आले. तिथंही एक ना दोन, छोटे-मोठे धंदे करून पाहिले आणि शेवटी परळला स्थिरावले. परळ म्हणजे तेव्हाचं गिरणगाव. भोंगा झाला की रस्ताभर माणसं, आणि चाळीतल्या एकेका खोलीत आठ-दहा जणांचा संसार. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे सासरे, आजेसासरे तिथं गिरणीत होते. घरी विचारून बघा.

१९५२ साली पेंढरकरांनी परळला दातांची पावडर करायला घेतली. तेव्हा वय पंचावन्नच्या घरात. आपल्याकडे या वयाच्या बाईला आपण म्हणतो, आता काय, नातवंडं सांभाळा. कंपनीला नाव दिलं वडिलांचं. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, त्याचीच इंग्रजी आद्याक्षरं जोडून झालं विको. नाव एवढं भारदस्त, पण कारखाना म्हणजे राहतं घर. स्वयंपाकघरात माल तयार व्हायचा, उरलेल्या जागेत साठा आणि हिशेब. आपल्या गटाचा मसाला कुठं होतो? ताईंच्या पडवीत. मग लाजायचं कशाला?

त्या काळात बाजारात विलायती स्नो-पावडरींची चलती. ज्याच्या हातात चार पैसे, त्याला डबीवर साहेबी नाव हवं असायचं. पेंढरकरांनी उलटी वाट धरली. त्यांच्या मेहुण्यांना आयुर्वेदाची थोडीफार जाण होती, त्यांची मदत घेतली. बाभूळ, जांभूळ, खैर, लवंग, दालचिनी अशी सगळी आपल्या ओळखीची मंडळी त्या पावडरीत आहेत. आणि वज्रदंती म्हणजे कोण, ठाऊक आहे? आपली काटेरी पिवळी कोरांटी! बांधाला उगवते, आपण कोयत्यानं छाटून टाकतो तीच. (आता उद्या सगळ्या जणी कोरांटी उपटायला जाऊ नका. औषधी माल विकायचा तर परवाना लागतो. आणि दातांवरून निघालंच आहे तर सांगते, मिसरी सोडा. ती जाळलेली तंबाखूच आहे.)

माल झाला, पण दुकानदार घेईना. नव्या मालाला कोण विचारतो? मग पेंढरकर स्वतः आणि त्यांची मुलं पिशवीत पावडर घेऊन दारोदार गेली. चाळीचे जिने चढायचे, कडी वाजवायची, आत बाई असेल तिला समजावून सांगायचं. कुणी ऐकायचं, कुणी तोंडावर दार लावायचं. आधी नागपुरात गल्ल्यावर बसलेला माणूस पन्नाशीनंतर लोकांच्या दारात उभा राहिला, मला या सगळ्या गोष्टीत हेच मोठं वाटतं. कंपनी पुढे किती मोठी झाली ते जाऊ द्या.

कारण आपलं घोडं नेमकं इथंच अडतं. माल करायला वीस जणी येतात. विकायला चला म्हटलं की कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचं डोकं दुखतं. गेल्या साली तालुक्याच्या एका दुकानात आपण चटणी ठेवायला दिली, तर तीन महिने ती मागच्या फळीवर धूळ खात पडली आणि परत आली. चटणी चांगली होती हो! पण ती कुणी चाखायला दिलीच नाही. ज्या ताया महालक्ष्मी सरसला मुंबईला जाऊन आल्यात त्यांना विचारा. तिथं चमच्यावर चव दिली की गिऱ्हाईक थांबतं.

पेंढरकरांचे चिरंजीव गजानन फार्मसी शिकले आणि घरच्या धंद्यातच आले. वडील १९७१ ला गेले. पुढे १९७५ ला हळदीचं क्रीम आलं. आता हळद म्हटली की पहिली शंका काय? तोंड पिवळं होईल! सांगतात की विकोचे विक्रेते पिशवीत आरसा ठेवत. दुकानदाराच्या गालाला क्रीम लावायचं आणि आरसा पुढे धरायचा, बघा, पिवळं झालंय का. दहा मिनिटं बोलून जे झालं नसतं ते आरशानं केलं. सरकारशीही त्यांचं वाजलं. अबकारी खातं म्हणे ही सौंदर्यप्रसाधनं, म्हणजे कर जास्त. कंपनी म्हणे ही आयुर्वेदिक औषधं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, वर्षानुवर्षं चाललं. पुडीवर आपण मालाला काय म्हणतो, त्यावर पैसे ठरतात. लेबल छापायच्या आधी संघाला दाखवा, असं मी ओरडते ते यासाठी.

आता एक गोष्ट, जी अशा आठवणींत सहसा कुणी बोलत नाही. माणूस कुटुंबवत्सल होता, मुलांना हाताशी घेऊन धंदा उभा केला, हे खरंच. पण ज्या स्वयंपाकघरात कारखाना चालतो, तिथं दोन वेळचा स्वयंपाकही करावा लागतो. चूल तीच, भांडी तीच, वरून कुटलेल्या वनस्पतींची धूळ. घरच्या धंद्यात बाईचं काम घरकामात जमा होतं आणि नफा धंद्यात. तुमच्या घरी पिठाची गिरणी असेल, शेळ्या असतील, दुकान असेल, तिथं तुमच्या तासांची मजुरी वहीत लिहिली जाते का? कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुम्ही भरता आणि पाटी मात्र मालकांच्या नावाची. दादांनो, रागावू नका. पेंढरकरांनी मुलांच्या खांद्यावर पिशवी दिली तशी तुमच्या पोरांच्या खांद्यावर द्या. बहिणीनं मसाला कुटायचा आणि भावानं मोबाईल बघत बसायचं, हे बंद करा.

उन्हाळा आला की मसाल्याचं काम सुरू होईल. यंदा कुटायला येणाऱ्यांची यादी आधी करायची नाही. विकायला कोण जाणार ती यादी आधी. गावं वाटून घ्यायची, एका गावाला दोघी, सोबत चाखायला उघडी बरणी आणि चमचा. जाण्या-येण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी मालाच्या किमतीत धरायची, खिशातून घालायची नाही. नावं आज सभा सुटायच्या आत लेखनिक ताईंकडे द्या. पुरुषांचीही चालतील, त्यांच्यासाठी वहीचं वेगळं पान ठेवलं आहे.